आज्ञावलीचा फेरफार कोणाच्या सहीने?

खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आली की बिलोली तालुक्यात कुंडलवाडी, सगरोळी, लोहगाव, कासराळी येथील सेवा केंद्रांसमोर शेतकऱ्यांच्या रांगा लागतात. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सातबाऱ्याचा उतारा आणि पेरणीचे स्वयंघोषणापत्र असा कागदांचा जुडगा हातात घेऊन शेतकरी सकाळपासून उभा असतो. दुपारी केव्हातरी केंद्रचालक मान वर न करता सांगतो, 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' उद्या म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे आणि मुदतीतील एक दिवस कमी होणे. 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द आता मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दुष्काळ आणि अतिवृष्टी यांच्याइतकेच दैवी समजले जाऊ लागले आहेत. सर्व्हर कोणाचा, तो कोणाच्या आज्ञेने चालतो आणि त्या आज्ञेत बदल करण्याचा अधिकार कोणी कोणास दिला, हे प्रश्न रांगेतील शेतकरी विचारीत नाही. त्याच्या वतीने ते विचारणे ज्यांचे काम आहे ते कार्यकर्तेही विचारीत नाहीत, कारण हा विषय तंत्रज्ञांचा आहे अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे.

पान अडण्याची कारणे अनेक असतात. कधी गर्दी असते, कधी वीज नसते, कधी तार तुटलेली असते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्यापेक्षा खोलवरचा आहे. संगणकाच्या पडद्यावर जे एक पान म्हणून दिसते ते बहुधा एका ठिकाणाहून आलेले नसते. त्या पानाच्या पोटात जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या असतात. अर्जातील रकाने तपासणे, तारीख निवडू देणे, मराठी अक्षरे टंकित करू देणे, पैसे भरून घेणे ही कामे त्या करतात. यांतील पुष्कळशा आज्ञावल्या त्या संकेतस्थळाच्या मालकाने लिहिलेल्या नसतात, आणि त्याच्या यंत्रावर ठेवलेल्याही नसतात. पानात केवळ एक पत्ता लिहिलेला असतो. ब्राउझर त्या पत्त्यावर जातो, तेथे त्या क्षणी जी आज्ञावली असेल ती उचलतो आणि निमूटपणे अमलात आणतो. एचटीटीपी आर्काइव्हच्या २०२२ च्या वार्षिक पाहणीनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे अशा प्रकारे किमान एका तिऱ्हाइताकडून काही ना काही आणतात.

हा तिऱ्हाईत पानात शिरला की त्याला मालकाइतकेच अधिकार मिळतात. अर्जदाराने टंकिलेला आधार क्रमांक तो वाचू शकतो, खाते क्रमांक वाचू शकतो, पडद्यावरील मजकूर बदलू शकतो आणि अर्जदाराला भलत्याच ठिकाणी नेऊ शकतो. म्हणून ज्याने ही आज्ञावली पुरविली तो उद्या तीत बदल करील तेव्हा काय होईल, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो.

नवे की कायम?

आज्ञावली पुरविणाऱ्यापुढे दोन परस्परविरोधी कर्तव्ये असतात. आज्ञावलीत दोष सापडला तर तो दुरुस्त करून सर्वांपर्यंत त्वरेने पोहोचविणे हे पहिले. ज्यांनी विश्वासाने ती आपल्या पानात घेतली त्यांचे चालू काम न मोडणे हे दुसरे. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी आवृत्तीक्रमांकाची पद्धत रूढ झाली. क्रमांकाचे तीन भाग असतात. तिसरा अंक बदलला तर केवळ दोषदुरुस्ती, दुसरा बदलला तर नवी सोय पण जुने सर्व शाबूत, आणि पहिला बदलला तर जुने मोडण्याचा संभव, असा संकेत आहे. हा संकेत म्हणजे एक वचन आहे. ते पाळले जाईलच असे कोणत्याही कायद्याने ठरविलेले नाही.

याला जोड आहे ती साठवणीची. ब्राउझर एकदा आणलेली फाईल फोनमध्ये साठवून ठेवतो, म्हणजे दर वेळी तीच फाईल आणण्यात वेळ आणि डेटा खर्च होत नाही. ज्याच्या फोनमध्ये थोड्या पैशांचे रिचार्ज असते त्याच्या दृष्टीने ही लहानसहान बाब नव्हे. फाईलच्या पत्त्यातच आवृत्तीक्रमांक असेल तर पुरवठादार निर्धास्तपणे सांगू शकतो की ही फाईल वर्षभर, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंद, पुन्हा मागू नका. कारण त्या पत्त्यावरील मजकूर कधीच बदलणार नाही, बदल झाल्यास पत्ताच नवा असेल. परंतु पत्त्यात क्रमांक नसेल, 'सर्वांत ताजी' एवढेच लिहिलेले असेल, तर अडचण येते. वर्षभर साठवा असे सांगितले तर सदोष फाईल वर्षभर लोकांच्या फोनमध्ये बसून राहते आणि परत बोलावता येत नाही. दर वेळी विचारा असे सांगितले तर गरीब ग्राहकाचा डेटा आणि वेळ खर्च होतो. शिवाय सर्वांत ताजी फाईल सर्वांत योग्य असतेच असेही नाही. जेक्वेरी या २००६ पासून प्रचलित असलेल्या आज्ञावली-संग्रहाच्या चालकांनी जुलै २०१४ मध्ये 'लेटेस्ट' नावाचा आपला पत्ता १.११.१ या आवृत्तीवर गोठवून टाकला, आणि तो वापरू नका असे लोकांना सांगितले. एका पत्त्यामागे डोळे मिटून चालणाऱ्या असंख्य संकेतस्थळांवर एकाच क्षणी मोठा बदल लादणे त्यांना योग्य वाटले नाही. हा विवेक होय. पण तो त्यांचा स्वेच्छेचा विवेक होता. संकेतस्थळांना तो मागण्याचा हक्क नव्हता.

याच्या उलट टोकालाही धोका आहे. पत्त्याची भानगड नको म्हणून प्रत्येकाने आपापली प्रत करून ठेवली तर ती प्रत तेथेच जुनी होत जाते. एप्रिल २०२० मध्ये जेक्वेरीच्या ३.५.० या आवृत्तीत सुरक्षेचे गंभीर दोष दुरुस्त करण्यात आले. तरीही त्याआधीच्या, दोष असलेल्या आवृत्त्या पुढे कित्येक वर्षे असंख्य संकेतस्थळांवर तशाच चालत राहिल्या. ज्या कंत्राटदाराने संकेतस्थळ बांधले त्याचे बिल निघाले, तो गेला, आणि कार्यालयात त्या फाईलचे नावदेखील कोणाला ठाऊक नाही, ही स्थिती सार्वजनिक संस्थांत विरळा नाही. बंधारा बांधून झाला की गाळ काढण्याची तरतूद नसते, त्यातलाच हा प्रकार.

तीन घटना

या प्रश्नाचे स्वरूप तीन घटनांवरून स्पष्ट होईल.

पहिली घटना मार्च २०१६ ची. शब्दाच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणारी 'लेफ्ट-पॅड' नावाची अकरा ओळींची एक आज्ञावली एका कार्यकर्त्याने विनामूल्य लिहून सर्वांसाठी ठेवली होती. एनपीएम या सार्वत्रिक भांडाराच्या चालक कंपनीने त्याच्याच दुसऱ्या एका आज्ञावलीचे नाव, एका व्यापारी कंपनीच्या तक्रारीवरून, त्याच्या संमतीविना त्या कंपनीस देऊ केले. त्याने संतापून आपले सर्व काम भांडारातून काढून घेतले. त्याबरोबर जगभरातील मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी बंद पडली, आणि चालकांनी त्या अकरा ओळी त्याच दिवशी परत आणून बसविल्या. अब्जावधींचा व्यापार कोणाच्या फुकट श्रमावर उभा आहे हे त्या दिवशी दिसले. ज्याचे श्रम त्याला किंमत नव्हती. किंमत कळली ती त्याने श्रम काढून घेतल्यावर. संपाचा अर्थ कामगार चळवळीस शिकविण्याची गरज नाही.

दुसरी घटना ११ फेब्रुवारी २०१८ ची. अंधांना आणि वाचनात अडचण येणाऱ्यांना पानावरील मजकूर वाचून दाखविणारी 'ब्राउझअलाउड' ही आज्ञावली चार हजारांहून अधिक संकेतस्थळांनी पुरवठादाराच्या पत्त्यावरून घेतली होती. त्या पुरवठादाराची फाईल कोणी बदलली, आणि पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रावर आभासी चलन खणण्याचे काम चालू झाले. बळी पडलेल्यांत ब्रिटनच्या माहिती आयुक्तांचे, म्हणजे नागरिकांच्या माहितीचे रक्षण करणाऱ्या कार्यालयाचेच, संकेतस्थळ होते. सेवा लोकोपयोगी होती, हेतू चांगला होता, परंतु कुलूप नव्हते.

तिसरी घटना सर्वांत बोलकी आहे. जुन्या ब्राउझरांना नवी कामे करता यावीत म्हणून 'पॉलीफिल' नावाची सेवा एका तंत्रज्ञाने लोकहितार्थ सुरू केली होती. जुना फोन वापरणाऱ्या गरीब ग्राहकाला नव्या पानाचा उपयोग व्हावा, हा तिचा हेतू समतेचाच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या सेवेचा पत्ता 'फननल' नावाच्या एका चिनी कंपनीने विकत घेतला. मूळ तंत्रज्ञाने लगेच जाहीर इशारा दिला की ही आज्ञावली आपल्या पानातून काढून टाका. पुष्कळांनी ती काढली नाही. जून २०२४ मध्ये असे उघडकीस आले की त्याच पत्त्यावरून येणारी फाईल काही मोबाईल वापरणाऱ्यांना सट्टेबाजीच्या संकेतस्थळांकडे वळवीत होती. बाधित संकेतस्थळांची संख्या एक लाखावर होती. यात चोरी झालीच नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. कोणी कुलूप फोडले नाही. राजरोस खरेदी-विक्री झाली. लाखभर संकेतस्थळांनी ठेवलेला विश्वास हा या व्यवहारातील माल होता. ज्यांचा विश्वास विकला गेला त्यांना विचारण्यात आले नाही, आणि त्यांच्या पानांवर येणाऱ्या सामान्य माणसाला तर या नावाची सेवा अस्तित्वात आहे हेही ठाऊक नव्हते.

मराठीचाही अनुभव याहून निराळा नाही. मराठी संकेतस्थळांच्या आरंभीच्या काळात रोमन कळफलकावरून देवनागरी टंकनाची सोय 'गमभन'सारख्या, मराठी माणसानेच हौसेने तयार केलेल्या, जावास्क्रिप्ट आज्ञावलीने दिली. 'मिसळपाव'सारख्या संकेतस्थळांवर ती नांदली. त्याच सुमारास गुगलनेही इतर संकेतस्थळांना लिप्यंतराची आज्ञावली आपल्या पत्त्यावरून देऊ केली होती. मे २०११ मध्ये त्या कंपनीने ही सेवा निवृत्तीच्या यादीत टाकली. कंपनीचा निर्णय कंपनीच्या हिशोबाने झाला. मराठीत लिहू पाहणाऱ्यांच्या गरजेचा त्या हिशोबात रकाना नव्हता. आपल्या लिपीत अर्ज भरता येण्याची सोय ही जर सार्वजनिक गरज असेल, तर ती अमेरिकेतील कंपनीच्या मर्जीवर किंवा एखाद्या मराठी तंत्रज्ञाच्या रात्रीच्या जागरणावर कायमची सोडून देता येणार नाही.

हाली, कलदार आणि रात्रीचे आठ

बदल व्हावयास हवा, यात वाद नाही. बदल कसा व्हावा याचे दोन धडे मराठवाड्याने आपल्या खिशातून शिकलेले आहेत.

निजामी मुलखात हाली शिक्का चालत असे. शेजारच्या ब्रिटिश मुलखातील रुपयाला लोक कलदार म्हणत. सात हालीला सहा कलदार असा सर्वसाधारण भाव होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले तरी हाली शिक्का दुसऱ्या दिवशी रद्द झाला नाही. १९५० पासून भारतीय रुपया त्याच्या बरोबरीने चालू लागला, पुढच्या वर्षी नवे हाली काढणे थांबले, आणि जुन्या शिक्क्याचे कायदेशीर चलन बंद झाले ते १९५९ मध्ये. जुनी आणि नवी आवृत्ती कित्येक वर्षे शेजारी शेजारी चालल्या, दोहोंतील भाव जाहीर होता, आणि बिलोलीच्या बाजारात धान्य विकणाऱ्या कुणब्याच्या गाठोड्यातील नाणे एका रात्रीत माती झाले नाही.

दुसरा धडा ८ नोव्हेंबर २०१६ चा. रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत, मध्यरात्रीपासून, मूल्याने सुमारे ८६ टक्के असलेल्या नोटा चलनातून बाद ठरल्या. रब्बीच्या पेरणीचा तो काळ होता. बियाणे-खत रोखीने घेणाऱ्या शेतकऱ्याचे आणि रोजंदारीने राबणाऱ्या मजुराचे काय झाले ते सांगण्याची गरज नाही. 'सर्वांत ताजे, सर्वांना, तत्क्षणी' या धोरणाचे याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

संगणकाच्या जगात १९ जुलै २०२४ रोजी हेच घडले. 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा-कंपनीने एक सदोष अद्ययावतीकरण एकाच वेळी सर्वत्र सोडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली, आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची पाळी आली. विमानाच्या प्रवाशांची गैरसोय त्या दिवशी जगभर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. सेवा केंद्रातून रिकाम्या हाताने परतणारा शेतकरी तेथे येत नाही.

फेरफार नोंदवहीची शिकवण

मग उपाय काय? तंत्रज्ञांनी उपाय शोधलेला आहे, आणि त्याचे तत्त्व महाराष्ट्रातील शेतकऱ्यास आधीपासून ठाऊक आहे. सातबाऱ्यावरील नाव कोणालाही परस्पर बदलता येत नाही. बदल प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकानिशी नोंदला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार त्याची प्रत चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना सूचना जाते, हरकतीस मुदत मिळते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच तो सातबाऱ्यावर चढतो. जुने नाव खरवडून काढले जात नाही. ते कंसात जाते आणि शेजारी फेरफार क्रमांक राहतो. या पद्धतीत गैरप्रकार होत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण गैरप्रकार झाला तर तो कोणत्या क्रमांकाने, कोणत्या तारखेस, कोणाच्या सहीने झाला हे शोधता येते. वहिवाटीच्या भांडणात गरिबाच्या बाजूने उभे राहणारे हेच एक शस्त्र असते.

आज्ञावलींच्या बाबतीत याचा अवलंब असा करता येतो. पुरवठादाराने प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र, क्रमांकित पत्त्यावर ठेवावी आणि एकदा ठेवलेली फाईल कधीही बदलू नये. सध्या कोणती आवृत्ती चालू आहे एवढेच सांगणारी एक लहानशी फाईल वेगळी असावी. तिचे साठवण-आयुष्य काही मिनिटांचेच असावे. चावडीवरील फलक रोज बदलतो, दप्तर बदलत नाही, तसे हे आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तीत २०११ पासून याच तत्त्वाची व्यवस्था आहे. आवृत्त्यांची यादी सांगणारी छोटी फाईल पाच मिनिटे आणि आवृत्तीनुसार मागविलेल्या मोठ्या फाईली तीस दिवस साठविल्या जातात. मराठी विकिपीडिया उघडणाऱ्या साध्या फोनलाही त्याचा लाभ मिळतो. हे काम देणग्यांवर चालणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या संस्थेने स्वतःच्या पानांसाठी केलेले आहे. तिऱ्हाइतांना आज्ञावली पुरवितानाही तोच मार्ग चालतो.

मात्र येथे एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. क्रमांकित फाईलला अंगठ्याचा ठसा घेता येतो. तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक अक्षरमाला पानात लिहून ठेवली की, आलेल्या फाईलचा ठसा जुळला नाही तर ब्राउझर ती चालवीत नाही. या पद्धतीस २०१६ मध्ये जागतिक मानकाचा दर्जा मिळाला. परंतु जी फाईल सतत बदलते तिला ठसा लावता येत नाही. 'पॉलीफिल'ची फाईल तर प्रत्येक ब्राउझरागणिक निराळी होती. म्हणून चालू आवृत्ती सांगणारा तो फलक कोणाच्या हाती, हाच कळीचा मुद्दा ठरतो. तो पुरवठादाराच्या हाती राहिला तर सर्व क्रमांक आणि सर्व ठसे व्यर्थ होत. कारण फलक बदलला की सर्व बदलते. दप्तर पुरवठादाराकडे असो, फलक मात्र त्या संकेतस्थळाच्या मालकाकडे, आणि सार्वजनिक सेवेच्या बाबतीत सार्वजनिक संस्थेकडे, असावयास हवा.

यावर आक्षेप घेतला जाईल की तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयास हे झेपणार नाही. फलक त्यांच्या हाती दिला तर तो वर्षानुवर्षे तसाच राहील. आक्षेप खरा आहे. राममनोहर लोहियांनी मांडलेल्या चौखंबा राज्याच्या कल्पनेत त्याचे उत्तर सापडते. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चार खांबांनी सत्ता वाटून घ्यावी, हा तिचा आशय. तिसऱ्या अंकाचा बदल, म्हणजे निव्वळ दोषदुरुस्ती, वरच्या खांबाने तपासून त्वरेने लागू करावी. पहिल्या अंकाचा, म्हणजे चालू काम मोडू शकणारा बदल मात्र खालच्या खांबांना पूर्वसूचना देऊन, जुनी आवृत्ती ठरावीक मुदतीपर्यंत चालू ठेवून आणि ऐन मुदतीचे दिवस टाळूनच व्हावा.

दुसरा आक्षेप असा की सर्वांनी एकाच मोठ्या कंपनीच्या भांडारातून फाईल घेतली तर ती एकदाच फोनमध्ये उतरते आणि सर्वत्र कामी येते, त्यामुळे केंद्रीकरण गरिबाच्याच हिताचे आहे. एके काळी यात तथ्य होते. परंतु वापरणाऱ्याचा माग काढला जाऊ नये म्हणून ब्राउझर आता प्रत्येक संकेतस्थळाची साठवण वेगळी ठेवतात. क्रोमने २०२० मध्ये ही पद्धत स्वीकारली. तेव्हापासून सामाईक साठवणीचा तो लाभ उरलेला नाही. मक्तेदारीचे समर्थन करणारे कारण गेले, मक्तेदारी मात्र सवयीने टिकून आहे.

तिसरा आक्षेप समाजवाद्यांनी स्वतःच घ्यावयास हवा. सरकारच्या हाती फलक दिला म्हणजे तो लोकांच्या हाती आला असे होत नाही. नोटाबंदी कोण्या खाजगी कंपनीने केली नव्हती. म्हणून सरकारी फेरफारही नोंदवहीत उघडपणे यावयास हवा आणि तो सामान्य माणसास मराठीत वाचता यावयास हवा.

काय मागावे?

कार्ड-व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या पैशाच्या रक्षणासाठी ही गोष्ट केव्हाच ओळखली. त्यांच्या सुरक्षा-मानकानुसार ३१ मार्च २०२५ नंतर, पैसे भरण्याच्या पानावर कोणकोणत्या आज्ञावल्या चालतात त्यांची यादी ठेवणे, प्रत्येकीस मंजुरी असणे आणि त्यांत परस्पर बदल झाल्यास तो ओळखणे बंधनकारक झाले आहे. व्यापाऱ्याच्या पैशासाठी जे बंधनकारक आहे ते शेतकऱ्याच्या आधार क्रमांकासाठी ऐच्छिक का असावे?

पहिली मागणी अशी की प्रत्येक सरकारी पानावर चालणाऱ्या तिऱ्हाइतांच्या आज्ञावल्यांची यादी, आवृत्तीक्रमांकासह, जाहीर व्हावी. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठी हाताशी आहे, आणि तालुका पातळीवरील कार्यकर्तादेखील असा अर्ज करू शकतो. दुसरी मागणी, अर्ज घेणाऱ्या पानांवर क्रमांक नसलेली, ठसा नसलेली परकी आज्ञावली असू नये. जेथे ती टाळता येत नाही तेथे ती का टाळता येत नाही हे लेखी नमूद व्हावे. तिसरी, मराठी टंकन, तारखेचा रकाना, अर्जाची तपासणी अशी सर्वत्र लागणारी सामाईक आज्ञावली १९७६ पासून असलेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने किंवा पुण्याच्या सी-डॅकने मुक्त स्वरूपात, क्रमांकित आवृत्त्यांनी, नगरपालिकांपासून सहकारी संस्थांपर्यंत सर्वांना पुरवावी. मुक्त आज्ञावली वापरण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१५ पासून कागदावर आहेच. चौथी, अशी आज्ञावली सांभाळणाऱ्यांना वेतन मिळावे. जर्मनीने २०२२ मध्ये यासाठी सार्वजनिक निधी उभा केला. फुकट श्रमावर सार्वजनिक सेवा उभारणे ही वेठबिगारीच होय, मग ती करणारा कितीही आनंदाने करीत असो.

पाचवी मागणी सर्वांत साधी आणि सर्वांत निकडीची आहे. पान बंद असेल तेव्हा तहसील कार्यालयाने कागदी अर्ज घेऊन तारीख घातलेली पोच द्यावी, आणि ती पोच मुदतीच्या आत धरली जावी. यंत्राचा दोष अर्जदाराच्या माथी मारला जाऊ नये. ही मागणी करण्यास जावास्क्रिप्ट समजण्याची गरज नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते सामाईक कुरणे, पाणी आणि जंगले लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात, हे दाखविल्याबद्दल. नियम, देखरेख आणि नियम बदलण्यात वापरणाऱ्यांचा सहभाग या अटी पाळल्या गेल्या तेथे सामाईक मालमत्ता टिकली. पाळल्या गेल्या नाहीत तेथे ती दांडग्यांच्या घशात गेली. आज्ञावली ही या काळातील सामाईक विहीर आहे. तिचे पाणी सारा गाव पितो. विहिरीची मालकी एका रात्रीत कोणाला विकली जाणार असेल, तर निदान चावडीवर त्याची नोटीस लागली पाहिजे.

बिलोलीच्या सेवा केंद्रासमोरील रांग येत्या खरिपातही लागेल. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आवृत्तीक्रमांकाचे व्याख्यान नको आहे. त्याला आपला अर्ज मुदतीत गेल्याची खात्री हवी आहे. ती खात्री देता येत नसेल तर का देता येत नाही, हे विचारण्यासाठी कार्यकर्त्याने त्याच्या शेजारी उभे राहावे, आणि केंद्रचालकाने 'सर्व्हर डाऊन' म्हटले की 'कोणाचा?' एवढे विचारून त्याचे उत्तर लेखी मागावे.